धाकटीचा श्रावण

आमच्या घरात श्रावण लागला हे कॅलेंडरवरून कळत नसे, माळ्यावरून कळे. दिव्यांच्या अवसेला संध्याकाळी आई माशांचा तवा, माशांची कढई, मासे कापायची विळी आणि अंडी उकडायचं बुडाला काळं पडलेलं पातेलं असं सगळं घासून, गोणपाटात बांधून बाबांच्या हातात द्यायची. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला निरोप द्यावा तसे बाबा ते गाठोडं माळ्यावर चढवायचे. गणपती गेल्याशिवाय ते खाली येत नसे. मधल्या काळात फ्रिजच्या दारातल्या अंड्यांच्या खळग्यांत लिंबं बसवलेली असत.

त्या वर्षी गाठोडं वर गेलं आणि त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की आमचा धाकटा गरोदर आहे.

धाकटा म्हणजे हॅमस्टर. बाबा वालीवला प्लास्टिकच्या बरण्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात सुपरवायझर होते. तिथल्या एका सहकाऱ्याने नोकरी सोडली आणि जाताना त्याने पिंजऱ्यासकट दोन हॅमस्टर बाबांच्या गळ्यात मारले. "दोघे सख्खे भाऊ आहेत, काही त्रास नाही," असं सांगून. बाबांनी स्कूटरवर पायांपाशी पिंजरा ठेवून ते घरी आणले.

"उंदीर," आई दारातच म्हणाली.

"हॅमस्टर," बाबा म्हणाले.

"शेपूट कापलेला उंदीर."

पण आईच्या शिलाई मशीनवर, मागच्या गॅलरीत, पिंजऱ्याला जागा मिळाली. जो जरा मोठा दिसत होता तो थोरला झाला, दुसरा धाकटा. त्यांचं सगळं करणं माझ्याकडे आलं, कारण मी विचारायच्या आधीच करायला लागले होते.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. घरात सगळ्यात कमी आवाज माझा होता, त्यानंतर फ्रिजचा. लग्नकार्यात नातेवाईक आईला म्हणत, "इंग्लिश मीडियमला घातलीस आणि पोरगी बोलायचीच बंद झाली." शाळेचा त्यात काही दोष नव्हता. मी इंग्लिशमध्येही बोलत नसे. मला बघायला आवडायचं. दोन प्राणी दिवसभर झोपतात, संध्याकाळी उठून चाकावर पळतात, दाणे गालांत भरून कोपऱ्यात नेऊन लपवतात आणि कोणाला काही विचारत नाहीत, हे मला फार बरं वाटायचं.

त्यामुळे धाकट्याचं पोट लिंबासारखं झालंय, तो वर्तमानपत्राच्या कातरणांचं घरटं करतोय आणि थोरल्याला जवळ येऊ देत नाही, हे पहिल्यांदा मलाच दिसलं. मी खाली सायबर कॅफेत गेले. कॅफे आमच्याच बिल्डिंगमधल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा होता. माहिती सापडली, दोन पानं होती. प्रिंटर मात्र काकांच्या टेबलावर. पानं बाहेर आली तेव्हा सगळ्यात वर, ठळक इंग्लिश अक्षरांत, गरोदरपणी कोणता आहार घ्यावा असं मथळ्यात होतं. हॅमस्टर हा शब्द पुढच्या ओळीत, बारीक टायपात. काकांनी पानं बघितली, चार घड्या घालून माझ्या हातात दिली आणि मी पैसे देत असताना ते भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिले. मला सांगता आलं असतं. पण सांगायला सुरुवात कुठून करायची हे सुचेपर्यंत मी जिना चढून घरी आले होते.

त्या पानांवर लिहिलं होतं, की या दिवसांत तिला प्रोटीन भरपूर लागतं. उकडलेलं अंडं, बिनमिठाचं चिकन, नाहीतर अळ्या. आणि खाली एक वाक्य होतं, ते मी दोनदा वाचलं. प्रोटीन कमी पडलं, किंवा बाळंत झाल्यावर घरट्याला कोणी हात लावला, गडबड केली, तर आई आपलीच पिल्लं खाते.

जेवताना मी म्हटलं, "तिला प्रोटीन लागेल."

"कोणाला?" आईने विचारलं.

"धाकट्याला."

बाबांचा घास वाटेत थांबला. "तिला?"

मी मान हलवली.

"दोघे भाऊ आहेत ना?"

"नाहीत."

बाबांनी घास परत ताटात ठेवला. "त्याने मला शपथेवर सांगितलं होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला कोणी काहीही सांगतं," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मूग भिजत घालते. मोड आले की दे. शेंगदाणे दे, चणे दे."

"ते देतेच आहे. अंडं लागतं. उकडलेलं."

फ्रिज सुरू झाल्याचा आवाज आला.

"श्रावणात?" आई म्हणाली.

"उंदराला कसला श्रावण?" बाबा म्हणाले.

"ज्या घरात राहतो त्या घराचा."

"अगं, गणपतीचं वाहन ते."

"म्हणूनच. थोड्या दिवसांत ते येतायत. त्यांचं वाहन काय अंडं खाऊन उभं राहणार समोर?"

मग मी ते वाक्य सांगितलं. मराठीत सांगताना ते इंग्लिशपेक्षा जास्त वाईट वाटलं. आईने आमटीचा डाव पातेल्यात ठेवून दिला.

"कोण कोणाला खातं?"

मी परत सांगितलं.

तिने सगळ्यांना ताक वाढलं. मग म्हणाली, "माझ्या घरात अंडं येणार नाही. बाहेर नेऊन तिला काय घालायचं ते घाल. तोंड पुसून घरात आण."

बाबांनी ताटातला कढीपत्ता फार काळजीपूर्वक बाजूला काढायला घेतला. त्याला कारण होतं. हा नियम आमच्या घरात नवा नव्हता. श्रावणात वालीवहून येताना बाबा वाटेत एका गाडीवर आम्लेट-पाव खात. घरी येत तेव्हा त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा इतका वास यायचा की गल्लीतल्या कुत्र्यालाही कळलं असतं. आई दारातच टॉवेल हातात द्यायची आणि म्हणायची, "आधी तोंड धुवा." याहून जास्त ती काही विचारत नसे, याहून जास्त ते काही सांगत नसत. त्या रात्रीपासून धाकट्याची धाकटी झाली आणि बाबांच्या नियमात ती पण बसली.

आता प्रश्न बाहेर म्हणजे कुठे, हा होता.

आमची बिल्डिंग केळीच्या वाडीत उभी राहिली होती, वसईगावच्या कडेला. मागच्या गॅलरीतून उरलेली अर्धी वाडी दिसायची आणि तिच्या टोकाला टीचरचं घर. टीचर गावातल्या जुन्या कॅथलिक कुटुंबातल्या. मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. दारापुढे क्रूस, मागे विहीर आणि सगळीकडे कोंबड्या. आमच्याशी त्या शाळेतलं मराठी बोलायच्या, कोंबड्यांशी घरची बोली. ती बोली मला कळायची नाही, पण कोंबड्यांना नीट कळायची.

बाबांनी कारखान्यातून रुंद तोंडाची एक बरणी आणली, झाकणाला तापवलेल्या सुईने भोकं पाडली. तळाला कागदाची कातरणं घालून मी धाकटीला त्यात बसवलं आणि टीचरच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. हाक मारायची तर काय मारायची? टीचर? बाई? नमस्कार? फाटक वाजवावं तर कुत्रा उठेल. मी उभी राहिले.

"किती वेळ उभी राहणार आहेस?" केळीच्या पानांतून आवाज आला. "मघापासून बघतेय. मीटर वाचायला आलीस का?"

"अंडं," मी म्हटलं.

टीचर पानं बाजूला सारून पुढे आल्या. "श्रावण ना तुमचा? आई आजारी आहे का?"

"नाही. हिला." मी बरणी वर केली.

टीचरनी चष्मा पुसला. "उंदीर पकडलास तर लांब कुठेतरी सोडून ये. माझ्याकडे कशाला आणलास?"

मग मला सगळं सांगावं लागलं. मी बहुतेक त्या महिन्यातलं सगळ्यात लांब बोलणं तिथे, फाटकावर, केलं. माळा, नियम, प्रोटीन, पिल्लं. टीचरनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे उपास तुमचा आणि ही जेवायला माझ्याकडे."

"हो."

"चालेल. आमच्या उपासाच्या शुक्रवारी मी माझ्या मांजरीला मटण खायला तुझ्या आईकडे पाठवते. विचार तिला."

मी विचारलं नाही.

रोज सकाळी त्या चर्चमधून आल्या की मी बरणी घेऊन जायचे. ओटीवर एक बशी ठेवलेली असायची. तिच्यात उकडलेल्या अंड्याचे वाटाण्याएवढे तुकडे, लवकर निवायला पंख्याने वारा घातलेले. धाकटी बरणीतून बाहेर यायची, बशीचा काठ हुंगायची आणि दोन्ही हातांनी तुकडा धरून तोंडात घालायची. एक गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. बघता बघता बशी रिकामी.

"खाते छान," टीचर म्हणायच्या. "नाहीतर आमच्या शाळेतली पोरं. डबा मधल्या सुट्टीत उघडायचा आणि घंटेला तसाच बंद करायचा." चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "बघ, अंगाला लागतंय. गाल बघ कसे भरलेत."

मलाही तसंच वाटलं. आमची धाकटी टीचरच्या ओटीवरून निघताना खरंच बाळसेदार दिसायची. मी ओल्या रुमालाने तिचं तोंड टिपायचे आणि बरणीत घालून घरी आणायचे. आई दारात उभी असायची.

"पुसलं?"

"पुसलं."

"मिशा पण?"

"मिशा पण."

मग आम्हाला आत जायला मिळायचं.

थोरल्याला त्या पानांवरच्या सल्ल्याप्रमाणे वेगळा ठेवला होता, बाथरूमजवळच्या जुन्या बादलीत. बाबा कामावर जाण्याआधी त्याला शेंगदाणा द्यायचे. "बायको बाहेर जेवते, तू बस बादलीत," असं त्याला सांगताना मी ऐकलं आहे.

आईचा श्रावणातला सत्यनारायण दर वर्षी शनिवारी असायचा. गुरुजी ठरलेले, वरच्या-खालच्या मजल्यावरच्या बायकांना बोलावणं गेलेलं, शिऱ्यासाठी रवा भाजून डब्यात भरलेला. त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, मी पिंजऱ्यावरचं फडकं जरा वर केलं तर घरट्यातून बारीक, अगदी बारीक चिवचिव येत होती. कातरणांच्या फटीतून गुलाबी काहीतरी हललं. शेंगदाण्याएवढं. मी फडकं परत खाली सोडलं आणि कोणालाच सांगितलं नाही. माझी ती सवयच होती. चांगली गोष्ट काही तास तरी माझ्याकडे ठेवायची.

दुपारी आई स्वयंपाकघरात उभी राहून हवा हुंगायला लागली.

आधी तिला वाटलं मोरी तुंबली. तिने मोरीत गरम पाणी ओतलं. मग सिलिंडर तपासला. मग फ्रिज उघडून कोथिंबिरीची जुडी बाहेर काढून वास घेतला, बिचारीला परत ठेवलं. मग चपलांचं कपाट. बाबा जेवायला घरी आले होते, त्यांच्या बुटांचाही तिने विचार केला, हे तिच्या नजरेवरून दिसलं. बाबांनी पाय खुर्चीखाली घेतले.

शेवटी ती मागच्या गॅलरीत गेली आणि शिलाई मशीनपुढे थांबली.

"घरात अंडं आहे," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "रोज तोंड पुसून आणते."

"मला अंड्याचा वास कळत नाही? नासक्या अंड्याचा?"

आणि तेव्हा मला कळलं. एकदम, जसं शाळेत पेपर देऊन बाहेर आल्यावर उत्तर कळतं. दाणे ती गालांत भरून आणून लपवते हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. पण उकडलेलं अंडं कोणी साठवून ठेवील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाळसं कसलं, तो माल होता. टीचरच्या ओटीवर धाकटी रोज दोन्ही गाल भरून घ्यायची, मी बाहेरून तिचं तोंड पुसायचे, आई दारात मिशा तपासायची, आणि आमच्या दोघींच्या देखत ती अख्खं अंडं घरात घेऊन यायची. इतके दिवस आमच्या श्रावणी घरात, देवघरापासून दोन भिंती सोडून, अंड्यांचं कोठार भरत होतं.

मी ते आईला सांगितलं. बाबांना हसू आलं, ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"परवा पूजा आहे," आई म्हणाली. पदर खोचला. "गुरुजी इथे बसणार, प्रसाद या ओट्यावर होणार. पिंजरा खाली काढ. सगळं घरटं उपसून टाक, मी साबणाचं पाणी आणते."

"नको."

"काय नको? तू काढतेस की मी काढू?" आणि तिने पिंजऱ्याची कडी धरली.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं.

आवाज माझाच होता, पण तो समोरच्या बिल्डिंगमध्ये गेला असावा, कारण तिथल्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली. आईचा हात कडीवर तसाच राहिला. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी पिंजरा आणि आई यांच्या मधे उभी होते. तिथे कधी जाऊन उभी राहिले ते मला आठवत नाही.

"झाली ती," मी हळू म्हटलं. "आज सकाळी. आता घरटं उपसलं तर ती खाईल त्यांना."

फडक्याआडून ती चिवचिव आली. आईने मान तिरकी करून ऐकलं. तिने कडीवरून हात काढला, आणि तिचा चेहरा मला नीट वाचता आला नाही, मी इतकी वर्षं तो बघत आले तरी.

"किती दिवस हात लावायचा नाही?"

"दहा-बारा तरी."

"गडबड?"

"नको म्हणतात. मोठा आवाज पण नको."

आई आत गेली. तिने हात धुतले, फोनपाशी बसली आणि गुरुजींचा नंबर फिरवला. "गुरुजी, शनिवारची पूजा राहू दे," ती म्हणाली. "हो. सोयर आलंय." मग थोडा वेळ ऐकून, "हो, हो, सगळं ठीक. बाळ-बाळंतीण सुखरूप." आणि फोन ठेवला.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "सोयर?"

"घरात जन्म झाला की दहा दिवस पूजा करत नाहीत. हे तुम्हाला मी सांगायचं?"

"कोणाचा जन्म ते गुरुजींनी विचारलं नाही?"

"नाही. मी पण सांगितलं नाही."

खरी परीक्षा पुढे होती, आणि ती माझी होती. ज्या बायकांना बोलावणं गेलं होतं त्यांना पूजा नाही असं कळवायला हवं होतं. संध्याकाळी जिन्यात पाण्याची वाट बघत चार-पाचजणी उभ्या होत्या, आई मला घेऊन बाहेर आली. माझ्या हातात बादली देऊन.

"शनिवारचं राहिलं हो," आई म्हणाली. "सोयर आहे आम्हाला."

"अगंबाई, हो का? कोणाकडे?" वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. "नणंदेकडे?"

"नाही. घरातच."

कोणाची तरी बादली कठड्याला लागली. सायबर कॅफेवाल्या काकांच्या बायकोने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत ती दोन छापील पानं मला स्वच्छ दिसली, घड्यांसकट. मग तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून माझ्या सैल कुर्त्यावर आली, आणि बाकीच्यांची तिच्या मागोमाग. मी बादली पुढे धरली. त्याने गोष्ट आणखीच बिघडली.

"घरात म्हणजे..." वरच्या काकू म्हणाल्या.

आईला हे सगळं दिसत होतं. आईला सगळं दिसतं, माझ्यात तो गुण तिच्याकडूनच आला आहे. तिने सावकाश पदर सारखा केला, जिन्यातला नळ उघडून बघितला, बंद केला. माझ्या त्या दुपारच्या ओरडण्याचा हिशेब ती तिथे चुकता करत होती, असं मला आजही वाटतं.

"गॅलरीत," ती म्हणाली. "हॅमस्टर व्याली."

कॅफेवाल्या काकूंनी इतका मोठा श्वास सोडला, की तो पहिल्या मजल्यापर्यंत गेला असेल. "म्हणजे ते कागद हॅमस्टरचे होते?" त्या म्हणाल्या. "आमचे हे आठवडाभर घरी जेवले नाहीत नीट. म्हणतात, इतकी साधी मुलगी, कोणाला सांगू."

"मला विचारायचं," आई म्हणाली.

"कसं विचारणार, वहिनी?"

हे ऐकून मी बादली तिथेच ठेवून आत आले. बाहेरून हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. पण धाकटीला मोठा आवाज चालत नाही हे कोणीतरी सांगितलं असावं, कारण तो मधेच दबला आणि मग सगळ्या कुजबुजत हसायला लागल्या.

ते दहा दिवस आमच्या घरात बाळंतिणीच्या खोलीसारखे गेले. मिक्सर बंद. चटणी वाटायला आई वरच्या काकूंकडे जायची. बाबा टीव्हीवरची मॅच आवाजाशिवाय बघायचे आणि चौकार गेला की नुसताच हात वर करायचे. वासाचं काही करता येत नव्हतं. आईने ऊद घातला, कापूर ठेवला, लिंबाची सालं ओट्यावर पसरली. दोन दिवस घराला नासक्या अंड्याचा, ऊदाचा आणि लिंबाचा मिळून एक वास येत होता, तो दुसऱ्या कशालाच येत नाही. मग तो हळूहळू विरला.

पण बाळंतिणीला आता बाहेर जेवायला नेता येत नव्हतं आणि तिला खायला तर आधीपेक्षा जास्त हवं होतं. माझा जीव त्यातच अडकला होता. फडक्याआडून चिवचिव येते आहे की नाही, हे ऐकायला मी कॉलेजला जाताना एकदा आणि आल्यावर चप्पल काढायच्या आधी एकदा गॅलरीत जायचे. कधी दोन-दोन मिनिटं काही ऐकू यायचं नाही. तेव्हा मी श्वास धरून उभी राहायचे.

"आहेत," मागून आई म्हणायची. "मी आत्ता ऐकलं."

म्हणजे तीही ऐकत होती.

खाणं आईने हातात घेतलं. घरचं दूध नासवून पनीर केलं, मीठ न घालता. मुगाला मोड आणले. अळीव भिजवले, कारण बाळंतिणीला अळीव देतात. माझं ते दोन पानांचं ज्ञान तिने ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. "तुझ्या वेळी माझ्या आईने मला हेच घातलं," ती म्हणाली. "मी तुला खाल्लं का?" लांब दांड्याच्या चमच्याने मी ते जाळीतून आत सरकवायचे. धाकटी घरट्यातून निम्मी बाहेर यायची, गाल भरायची, आत जायची. आई लांबून बघायची. "परत साठवतेय," ती म्हणायची. "सवय नाही जाणार."

मग अकराव्या दिवशी सकाळी मी फडकं उचललं तर घरट्याच्या बाहेर एक पिल्लू आलेलं होतं. अंगावर मखमल आलेली, डोळे अजून मिटलेले, आणि तोंडात मुगाचा एक मोड, त्याच्याच लांबीचा. त्याच्यामागून दुसरं. मग एकमेकांच्या डोक्यावरून बाकीची. मी मोजली, परत मोजली, चिवचिवीवरून मला वाटत होतं त्यापेक्षा दोन जास्तच निघाली. मी आईला हाक मारली नाही. ती आलीच. आम्ही दोघी शिलाई मशीनपुढे वाकून उभ्या होतो आणि तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता.

"सगळी आहेत?" तिने विचारलं.

"सगळी."

"बरं," ती म्हणाली, आणि शिऱ्याच्या रव्याचा डबा उन्हात ठेवायला गेली.

त्याच दिवशी टीचर आल्या. आमच्या घरी त्या पहिल्यांदाच येत होत्या. हातात रुमालाने झाकलेली वाटी. दाराबाहेरच थांबल्या.

"इतके दिवस तुमची मुलगी आली नाही," त्या आईला म्हणाल्या. "म्हटलं, बाळंतिणीला बघून यावं. रिकाम्या हाताने कसं यायचं?" आणि वाटी जरा मागे घेतली. "हे मी आत नाही आणत. इथेच चपलांपाशी ठेवते."

आईने वाटीकडे बघितलं. आत काय आहे हे विचारायची गरज नव्हती, मऊ वाफ रुमालातून वर येत होती. आई वळली, गॅलरीत गेली, ती भोकं पाडलेली बरणी घेतली, पिंजऱ्याचं दार उघडून धाकटीला ओंजळीत उचललं, बरणीत ठेवलं आणि बाहेर आली. मी तिला धाकटीला हात लावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"चला टीचर," ती म्हणाली, "जिन्यात बसू. जिन्याला श्रावण नाही."

दोघी पायरीवर बसल्या, वाटी मधे. आईने पदराचं टोक बोटांना गुंडाळलं आणि अंड्याचा एक तुकडा चिमटीत धरला. धाकटीने तो घेतला आणि उजवा गाल फुगला.

"अहं," आई म्हणाली. तिने धाकटीला तळहातावर नाकासमोर धरलं. "गालात नाही. गिळ."

धाकटीने मिशा हलवल्या.

"गिळ आधी. मग दुसरा. मी बसलेय, मला काही घाई नाही."

"आमची पोरं अशीच," टीचर म्हणाल्या.

"आमची पण," आई म्हणाली, आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे न बघता तिने सरकून पायरीवर थोडी जागा केली.